बुरशी, दगडफूल, शेवाळ आणि आपले शरीर : अ‍ॅलर्जी व कर्करोगाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात ताम्हिणीला किंवा सिंहगडाच्या पायवाटेने वनस्पती ओळखायला जे लोक माझ्याबरोबर येतात, ते परतीच्या वाटेवर जवळजवळ तेच ते प्रश्न विचारतात. घरातल्या ओलीची काळजी, मसाल्यातल्या दगडफुलाविषयी कुतूहल आणि घरात कोणाला कर्करोग असेल तर त्यामागची घालमेल, असे सगळेच त्यात असते. मी वनस्पतिशास्त्राचा शिक्षक आहे, वैद्य नव्हे. त्यामुळे खाली संशोधन काय सांगते एवढेच लिहिले आहे आणि उपचाराचा निर्णय आपल्या डॉक्टरांकडेच राहू द्यावा.

बुरशी, दगडफूल आणि शेवाळ हे एकाच कुळातले ना?

नाही, आणि हा गोंधळ आधी मिटवला तर पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. बुरशी म्हणजे कवक. ते वनस्पती नव्हे. त्याच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, म्हणजे खेकड्याच्या कवचात असते तेच द्रव्य, आणि उत्क्रांतीच्या वृक्षावर ते झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळ बसते. दगडफूल, ज्याला शास्त्रीय मराठीत शैवाक म्हणतात, हा एक जीव नसून कवक आणि शैवाल यांचा एकत्र संसार आहे. सायमन श्वेंडनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ मध्ये हे मांडले, तेव्हा अनेक दगडफूलतज्ज्ञांना ते मुळीच रुचले नव्हते. २०१६ मध्ये या संसारात काही ठिकाणी यीस्टसारखे आणखी एक कवकही नांदत असल्याचे दिसून आले. शेवाळाचे मात्र मराठीत दोन अर्थ होतात : विहिरीतला हिरवा बुळबुळीत थर हे शैवाल, तर वाड्याच्या भिंतीवरची मखमल म्हणजे मॉस, आणि मॉस ही खरीखुरी हिरवी वनस्पती आहे.

अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने फरक असा, की बुरशीचा त्रास बहुधा हवेतून येतो आणि नाका-फुप्फुसांत होतो, कारण तिच्या बीजाणूंवरची प्रथिने आपले शरीर ओळखून बसते. दगडफूल आणि मॉसच्या नातलगांचा त्रास मात्र स्पर्शातून येतो आणि कातडीवर उमटतो, कारण तिथे दोषी असतात ती लहान रेणूंची रसायने.

जुलै उजाडला की शिंका आणि खोकला सुरू होतो. ही भिंतीवरच्या बुरशीची अ‍ॅलर्जी असू शकते का?

असू शकते. परागकणांमुळे सर्दी होते हे स्वतःवर प्रयोग करून दाखवणारे इंग्लंडमधले डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ मधल्या आपल्या लेखनात बुरशीचे बीजाणू हुंगल्यावर झालेला त्रासही नोंदवला होता. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्दच मुळी १९०६ सालचा, म्हणजे निरीक्षण आधीचे आणि नाव नंतरचे.

हवेतल्या बीजाणूंची मोजदाद करणारे यंत्र जिम हर्स्ट यांनी १९५२ मध्ये तयार केले आणि त्याच धाटणीची यंत्रे आजही वापरात आहेत. ते मिनिटाला १० लिटर हवा ओढते, म्हणजे स्वस्थ बसलेला माणूस जेवढी हवा घेतो त्याहून थोडीच जास्त, आणि ती चिकट पट्टीवर सोडते. त्या पट्टीची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली की अल्टरनेरिया या बुरशीचा बीजाणू लगेच ओळखू येतो : तपकिरी रंगाची, एका टोकाला निमुळती होत गेलेली गदा, आणि तिच्या अंगावर आडव्या-उभ्या भिंतींचे चौकटीचे काम. अस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचा बीजाणू तिच्यापुढे अगदीच फुटकळ. अस्परजिलस फ्युमिगॅटसचा बीजाणू जेमतेम २ ते ३.५ मायक्रॉनचा असतो, आणि म्हणूनच तो नाकात न अडकता थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतो.

लोकांना वाटते तसे सगळे बीजाणू धो धो पावसात वाढत नाहीत. अळंब्यांचे आणि इतर काही कवकांचे बीजाणू ओल्या हवेत उडतात, पण अल्टरनेरिया आणि क्लॅडोस्पोरियम यांना कोरडा वारा लागतो. त्यामुळे पाऊस ओसरून कापणी-मळणी सुरू झाली की ज्यांचा दमा उफाळतो, त्यांनी भिंतीकडे बोट दाखवण्याआधी हवेचाही विचार करावा.

त्वचेवरची चाचणी करून घ्यावी का? आणि बुरशीवर अ‍ॅलर्जीची इंजेक्शने चालतात का?

चाचणी उपयोगी आहे, पण तिचा निकाल लक्षणांशी ताडून पाहावा लागतो. धुळीतल्या किड्यांचे किंवा परागकणांचे अर्क बऱ्यापैकी एकसारखे बनवता येतात. बुरशीचे तसे नाही. कोणता वाण वाढवला, किती दिवस वाढवला आणि त्यातले काय गाळून घेतले, यावर अर्कातली प्रथिने बदलतात, त्यामुळे एकाच माणसाला दोन अर्कांनी दोन उत्तरे मिळू शकतात. याच कारणाने बुरशीवरील इंजेक्शनांचा पुरावाही इतर अ‍ॅलर्जींच्या तुलनेत तोकडा आहे. घरातली गळती बंद करणे, कपाट भिंतीपासून चार बोटे सरकवणे आणि न्हाणीघरात हवा खेळती ठेवणे हे उपाय कंटाळवाणे खरे, पण चाचणीची वाट न पाहता करता येतात. पोपड्यांवर नुसता रंग मारणे हा उपाय नव्हे.

दमा आटोक्यात येत नाही आणि थुंकीतून तपकिरी गुठळ्या पडतात. डॉक्टर ‘अस्परजिलस’ म्हणाले. म्हणजे संसर्ग का?

पूर्णपणे संसर्ग नाही आणि निव्वळ अ‍ॅलर्जीही नाही. १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये प्रथम वर्णन झालेल्या या आजारात अस्परजिलस श्वासनलिकेतल्या चिकट कफात वाढते, ऊतींत घुसत नाही, पण शरीर तिच्याविरुद्ध इतके पेटून उठते की रक्तातले आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीत वाढणारे प्रतिपिंड, प्रचंड वाढते आणि उपचार न झाल्यास श्वासनलिका कायमच्या रुंदावतात. भारतात हा आजार दुर्मीळ नाही आणि क्षयरोग समजून महिनोन्‌महिने औषधे दिली गेल्याची उदाहरणेही वैद्यकीय साहित्यात आहेत. तेव्हा हट्टी दम्यात आयजीईची तपासणी करून घेण्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे.

मला पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी आहे. मग बुरशीपासून लांब राहायला हवे का?

नको. पेनिसिलीन बुरशीपासून मिळते हे खरे, पण औषधाची अ‍ॅलर्जी त्या रेणूची असते आणि बुरशीची अ‍ॅलर्जी तिच्या प्रथिनांची. एकीवरून दुसरी ठरत नाही. शिवाय ज्यांच्या कागदपत्रांवर ‘पेनिसिलीन अ‍ॅलर्जी’ असा शिक्का असतो, त्यांतल्या बहुसंख्य, म्हणजे दहांतल्या सुमारे नऊ जणांना रीतसर तपासणीत ती आढळत नाही.

पुणेकरांसाठी एक अवांतर गोष्ट. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती पेनिसिलीनसाठी, पण तिथल्या संशोधकांनी बुरशीला मारणारे ‘हॅमायसिन’ही शोधले. ते ज्या मातीतल्या जिवाणूपासून मिळाले त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंपरिना. जिवाणूच्या नावात पिंपरी आहे, हे पिंपरीकरांतही फार थोड्यांना ठाऊक असते.

भिंतीवरच्या किंवा कुंडीतल्या मॉसमुळे अ‍ॅलर्जी होते का?

खऱ्या मॉसमुळे क्वचितच. पण मॉसच्या नात्यातली फ्रुलानिया नावाची एक वनस्पती आहे, तिच्याविषयी सांगायला हवे. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी झाडांच्या सालीवर तांबूस-तपकिरी रंगाची, सालीला घट्ट चिकटलेली जाळी दिसते. वरवर पाहणाऱ्याला ती वाळके शेवाळ वाटते, पण भिंगातून पाहिले तर बारीक पानांच्या दोन रांगा आणि त्यांच्याखाली पाणी साठवणाऱ्या इवल्या घागरी दिसतात. फ्रान्स आणि कॅनडातल्या लाकूडतोड्यांच्या हातांवर आणि चेहऱ्यावर येणाऱ्या खाजऱ्या इसबाचे कारण शोधताना संशोधक या वनस्पतीपर्यंत पोचले. तिच्यातली सेस्क्विटर्पीन लॅक्टोन गटातली रसायने त्वचेला चेतवतात, आणि पुरळ लगेच न उठता एक-दोन दिवसांनी उठते.

आता याचा पुण्याशी संबंध. गाजर गवत, ज्याची स्वातंत्र्योत्तर भारतातली पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली, त्यातले पार्थेनिन हे याच रासायनिक गटातले आहे. सूर्यफुलाच्या कुळातल्या वनस्पतींची स्पर्श-अ‍ॅलर्जी असलेल्या काही रुग्णांची त्वचा फ्रुलानियालाही प्रतिसाद देते, हे तपासण्यांत दिसले आहे. म्हणून ज्यांना गाजर गवताने पूर्वी चेहऱ्यावर आणि मानेवर काळपट, जाड इसब झाले असेल, त्यांनी जंगलात झाडांच्या खोडांना मिठ्या मारू नयेत, असे मी सहलीला निघतानाच सांगतो.

कुंडीसाठी आणलेल्या वाळलेल्या स्फॅग्नम मॉसचा धोका वेगळा आहे. त्यात स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी असू शकते आणि हाताला जखम असेल तर ती आत शिरून हातावर ओळीने गाठी येतात. १९८८ मध्ये अमेरिकेत रोपे हाताळणाऱ्यांत अशी मोठी साथ आली होती. हातमोजे घातले की काम भागते.

गोड्या मसाल्यातले दगडफूल खाणे सुरक्षित आहे का?

मसाल्यात पडते तेवढ्या प्रमाणात काळजीचे कारण दिसत नाही. मंडईतून आणलेल्या पुडीतला एक तुकडा बशीत घेऊन पाहा : वरून राखाडी, खालून काळा, कडा किंचित मुरडलेल्या. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले की राखाडी रंग हिरवट होऊ लागतो, कारण वरचा कवकाचा थर भिजून पारदर्शक होतो आणि आतले शैवाल दिसू लागते. बाजारातले दगडफूल बहुतांशी पार्मोट्रेमा आणि त्याच्या जवळच्या प्रजातींचे मिश्रण असते, आणि तेलात परतल्याशिवाय त्याचा वास सुटत नाही हे आपल्या आया-आज्यांना प्रयोगशाळेविना माहीत होते.

अ‍ॅलर्जीचा प्रश्न दगडफूल रोज हाताळणाऱ्यांचा आहे. त्यातली अ‍ॅट्रानोरिन, उस्निक आम्ल यांसारखी द्रव्ये काहींच्या त्वचेला सोसत नाहीत. युरोपात अत्तरांसाठी वापरले जाणारे ‘ओकमॉस’ हेही नावाने मॉस असले तरी खरे तर दगडफूलच. त्याच्या अर्कातली अ‍ॅट्रानॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रानॉल ही द्रव्ये इतकी तीव्र अ‍ॅलर्जीकारक ठरली, की युरोपीय संघाने २०१७ च्या नियमाने सौंदर्यप्रसाधनांत त्यांना बंदी घातली.

माझ्या कागदावर ‘लायकेन प्लेनस’ लिहिले आहे. हा दगडफुलाचा संसर्ग आहे का?

नाही. दगडफुलाला इंग्रजीत लायकेन म्हणतात, आणि त्वचेवरचे चट्टे झाडावरच्या दगडफुलासारखे दिसतात एवढ्यावरून हे नाव पडले. तो प्रतिकारशक्तीचा विकार आहे आणि संसर्गजन्य नाही. तोंडातल्या लायकेन प्लेनसमध्ये पुढे कर्करोग होण्याची शक्यता थोडी, म्हणजे शंभरांत एकाच्या आसपास, असते. म्हणून दंतवैद्याकडे नियमित तपासणी ठेवावी, आणि तंबाखू, मिश्री व सुपारी सोडावी.

बुरशीमुळे कर्करोग होतो, हे खरे आहे का?

एका बाबतीत निर्विवाद खरे आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. तपासाअंती ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत अस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचे विष सापडले आणि बुरशीच्या नावावरूनच त्याला ‘अफ्लाटॉक्सिन’ म्हणू लागले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहे. यकृतातली विकरे या विषाचे रूपांतर अशा रेणूत करतात, जो डीएनएमधल्या ग्वानिन या घटकाला चिकटतो. पी५३ या रक्षक जनुकात २४९ व्या जागी होणारा विशिष्ट बदल ही त्याची जणू बोटांची खूणच आहे. ज्यांना हिपॅटायटिस-बी आहे त्यांच्यात हा धोका नुसता वाढत नाही, तर गुणाकाराने वाढतो. त्यामुळे हिपॅटायटिस-बीची लस हा अफ्लाटॉक्सिनविरुद्धचाही आडून केलेला बचाव ठरतो.

मोठ्या मात्रेत हे विष तात्काळ मारते. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात पावसात भिजलेला मका खाल्ल्याने ३९७ जण आजारी पडले आणि त्यांतले १०६ दगावले.

स्वयंपाकघरात याचा अर्थ असा, की भाजल्याने किंवा शिजवल्याने अफ्लाटॉक्सिन पूर्ण नष्ट होत नाही. कूट करण्याआधी दाणे ताटात पसरावेत आणि सुरकुतलेले, रंग बदललेले, हिरवट-पिवळी भुकटी धरलेले दाणे काढून टाकावेत. एक कडू दाणा तोंडात आला तर तो गिळू नये. बुरशी धरलेली पेंड गाई-म्हशींना घातली तर विषाचा एक प्रकार दुधात उतरतो, म्हणून भारतात दुधासाठी किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातलेली आहे.

भिंतीवरच्या बुरशीने मात्र कर्करोग होतो, असा पुरावा नाही.

पावाच्या एका कोपऱ्याला बुरशी आली तर तेवढा तुकडा काढून बाकीचा खावा का?

नाही. पाव मऊ असतो, बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याच्या कितीतरी पुढे गेलेले असतात. सगळा टाकून द्यावा, आणि हुंगून तर मुळीच पाहू नये.

अळंबीच्या गोळ्यांनी कर्करोग बरा होतो का?

नाही. यामागे थोडे खरे संशोधन आहे : शिताके अळंबीतले लेंटिनान आणि ट्रॅमेटीस व्हर्सिकलर या लाकडावरच्या कवकातले पीएसके ही द्रव्ये जपानमध्ये केमोथेरपीच्या जोडीला वापरण्यास मान्यता मिळाली होती. ‘जोडीला’ हा शब्द जाहिरातीत गळून पडतो, आणि घाटातून गोळा केलेली पावडर म्हणजे ते शुद्ध केलेले द्रव्य नव्हे.

खरी आशा वेगळ्या दिशेने दिसते, आणि ती आपल्या सह्याद्रीतही आहे. आतड्याच्या आणि बीजाशयाच्या कर्करोगावरची इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही औषधे कॅम्प्टोथेसिनपासून बनतात. हे द्रव्य १९६६ मध्ये वॉल आणि वाणी या संशोधकांनी एका चिनी झाडात शोधले. पुढे ते आपल्याकडच्या नरक्या या झाडातही भरपूर सापडले आणि मग नरक्याची बेसुमार तोड झाली. झाडाच्या आत निमूट राहणाऱ्या कवकापासून हेच द्रव्य मिळाले तर झाड वाचेल, या विचाराने संशोधन सुरू झाले आणि २००५ मध्ये नरक्यातल्या अशा कवकाविषयी शोधनिबंधही आला. अडचण अशी, की प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्यावर ही कवके द्रव्य बनवणे हळूहळू सोडून देतात. नवरा आईकडे राहायला गेला की स्वयंपाक विसरतो, तसे काहीसे. टॅक्सॉल या कर्करोगावरच्याच दुसऱ्या औषधाच्या बाबतीत तर, झाडातले कवक ते बनवते या १९९३ मध्ये गाजलेल्या दाव्याला पुढच्या जनुकीय तपासणीत आधारच मिळाला नाही.

‘दगडफुलाच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मेल्या’ अशी बातमी वाचली. तिचे काय?

काचेच्या बशीत पेशी मारणे सोपे आहे. मिठाच्या दाट पाण्यानेही त्या मरतात. प्रश्न असा असतो, की किती मात्रेत मेल्या, त्याच मात्रेत निरोगी पेशी वाचल्या का, आणि ते द्रव्य पोटातून रक्तात आणि रक्तातून गाठीपर्यंत पोचते का. उस्निक आम्लाचेच पाहा. जिवाणूंविरुद्ध आणि कर्करोगाच्या पेशींविरुद्ध बशीत ते प्रभावी दिसते. पण वजन घटवण्याच्या गोळ्यांतून ते घेणाऱ्यांची यकृते निकामी होऊ लागली आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला.

याचा अर्थ हे काम निरुपयोगी आहे असा नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. पटवर्धन आणि डॉ. उर्मिला मखिजा यांच्यापासून दगडफुलांच्या अभ्यासाची परंपरा आहे. उस्निया घाटेन्सिस ही घाटातली प्रजाती तिथे प्रयोगशाळेत वाढवून तिचे ऑक्सिडीकरणविरोधी आणि जिवाणूविरोधी गुण तपासले गेले आणि ते काम २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. दगडफूल वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते, तेव्हा जंगलातून ओरबाडण्याऐवजी ते काचेत वाढवता येणे हेच मुळात मोठे काम आहे.

अ‍ॅलर्जी असलेल्यांना कर्करोग कमी होतो, असे म्हणतात. खरे का?

मेंदूतल्या ग्लायोमा या गाठीबाबत अनेक देशांतल्या अभ्यासांत तसा संबंध पुन्हा पुन्हा दिसला आहे. पण गाठीनेच प्रतिकारशक्ती दबून अ‍ॅलर्जी कमी झाली असेल, ही शंका पुरती फिटलेली नाही. आणि दम्याच्या रुग्णांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण उलट थोडे जास्त दिसते. अ‍ॅलर्जीचेच शस्त्र, म्हणजे आयजीई प्रतिपिंड, गाठीवर रोखण्याचा प्रयत्नही झाला आहे. लंडनमधल्या संशोधकांनी अशा प्रतिपिंडाची माणसांवरची पहिली चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. ती सुरक्षितता पाहणारी प्राथमिक चाचणी होती. शिंका येतात म्हणून कर्करोगाची तपासणी टाळावी, असे यातून काहीही निघत नाही.

गाठीच्या आतच बुरशी असते, असेही छापून आले होते.

२०२२ मध्ये दोन मोठ्या अभ्यासांनी अनेक प्रकारच्या गाठींत कवकांचे डीएनए अत्यल्प प्रमाणात आढळल्याचे सांगितले. त्याआधी २०१९ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगात मॅलेसेझिया या कोंड्याशी संबंधित कवकाचा हात असल्याचा निबंध आला होता, परंतु फेरतपासणी करणाऱ्यांना २०२३ मध्ये तो निष्कर्ष पडताळता आला नाही. इतक्या थोड्या डीएनएत हाताळणाऱ्याच्या त्वचेवरचे कवकही मिसळू शकते. माझ्या मते हा प्रश्न अजून उघडा आहे आणि त्यावर बुरशीविरोधी गोळ्या विकणारा माणूस टाळावा.

घरात केमोथेरपी सुरू आहे. बुरशीबाबत कोणती काळजी घ्यावी?

पांढऱ्या पेशी कमी असताना एरवी निरुपद्रवी अस्परजिलस फुप्फुसात घुसू शकते. त्या काळात रुग्णाने कुंड्यांची माती, सेंद्रिय खत, पालापाचोळा हाताळू नये. शेजारी वाड्याचे पाडकाम सुरू असेल तर खिडक्या बंद ठेवाव्यात. कच्ची अळंबी खाऊ नये. ताप आला तर सकाळपर्यंत वाट न पाहता रुग्णालयात जावे. २०२१ मध्ये कोविडनंतरची ‘काळी बुरशी’ पुण्याने पाहिली आहे. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड एकत्र आले की काय होते ते वेगळे सांगायला नको.

सापडलेली बुरशी किंवा दगडफूल कोण ओळखून देईल?

आघारकर संशोधन संस्थेत कवकांचा राष्ट्रीय संग्रह आणि आजरेकर यांच्या नावाचे कवक-संग्रहालय आहे, आणि नमुने ओळखण्याचे काम तिथे होते. आधी चौकशी करून जावे. नमुना प्लास्टिकच्या पिशवीत घालू नये, रात्रीतून त्यावर दुसरीच बुरशी येते. वर्तमानपत्राच्या घडीत सावलीत वाळवावा, कागदी पाकिटात ठेवावा आणि पाकिटावर पेन्सिलीने तारीख, गाव, झाडाचे नाव आणि जमिनीपासूनची उंची लिहावी. शाई ओलीने पसरते.